मिठाच्या पुड्यावर तारीख लिहा

पत्र असं आलंय: "सिस्टर, नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात हायस्कूलला विज्ञान शिकवते, नाव-गाव छापू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नववीतल्या एका मुलाचे वडील गेले, वय ४१. पहाटे छातीत दुखायला लागलं, घरच्यांनी गॅस म्हणून सोडा पाजला, सकाळी दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. चौदावा झाल्यावर पोरगं शाळेत आलं आणि मला एकटीला गाठून म्हणलं, मॅडम, माझ्या पप्पाला वाचवता आलं असतं का? मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. मग ठरवलं की पोरांना हृदयविकाराबद्दल शिकवायचंच. २९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन असतो, त्या दिवशी प्रोजेक्टर लावून अर्धा तास बोलले, ब्लॉक झालेल्या नसांचे फोटो दाखवले. मागच्या बाकावरची पोरं हसत होती आणि शाळा सुटल्यावर त्यातल्याच दोघांना गेटबाहेर पुडी फोडताना पाहिलं. मुख्याध्यापक म्हणतात आधी सिलॅबस पूर्ण करा. माझं काय चुकलं? या वयाच्या पोरांना हे शिकवायचं तरी कसं?"

मॅडम, पुडीचं नंतर बोलू, आधी त्या लेकराचं. त्यानं तुम्हाला विश्वासानं विचारलं आणि उत्तर अजून त्याच्या हातात पडलेलं नाही, तेवढं देऊन टाका. काय सांगायचं, तर खरं तेच. वाचले असते का ते आज कुणालाच सांगता येणार नाही, अटॅक किती मोठा होता ते कुणी तपासलंच नाही, लवकर नेलं असतं तर चान्स जास्त होता हे खरंय, पण घरातल्या मोठ्या माणसांनाही तो गॅसच वाटला आणि तू तर चौदा वर्षांचा, तुझं काही चुकलं नाही. एवढं बोला आणि त्याला काही बोलायचं असंल तर ऐकत बसा, घाई करू नका. जमलं तर त्याच्या आईला पण भेटून या. सोडा कुणी पाजला असंल? तिनंच ना. आणि गावात कुणीतरी तिला ते ऐकवलंच असणार, आपल्याकडं अशी माणसं बक्कळ.

त्या घरी गेलात की एक काम पण करून घ्या. पुरुष ५५ च्या आत किंवा बाई ६५ च्या आत अटॅकनं गेली तर घरातल्या बाकीच्यांची तपासणी लवकर करायची असते, लेकरांची सुद्धा. काही घराण्यांत कोलेस्टेरॉल जन्मापासूनच जास्त असतं, साधारण अडीचशे माणसांत एकाला हा प्रकार असतो, अंगानं काडी असला तरी. तेव्हा त्या पोराचं आणि त्याच्या भावंडांचं कोलेस्टेरॉल एकदा डॉक्टरांच्या सल्ल्यानं तपासा, काका-आत्यांचं बीपी आणि शुगर पण बघा. वर्गात मात्र त्याच्या वडिलांचं उदाहरण देऊ नका, नाव न घेता सुद्धा नको, गाव केवढं असतं, सगळ्यांच्या माना त्याच्याकडंच वळणार.

आता गॅसचं. मी हे सांगणार नव्हते पण सांगतेच. माझा थोरला भाऊ ५२ चा होता तेव्हा रात्री अकराला त्याचा फोन आला, म्हणला छातीत जड वाटायलंय. आणि मी काय विचारलं माहितीय? दादा, जेवला काय होतास? म्हणला वांग्याची भाजी अन् भाकरी. म्हणलं मग ओवा खा अन् जराशिक अंगणात फीर. ३१ वर्षं आरोग्य उपकेंद्रात काढलेली बाई मी, किती ट्रेनिंगं केलेली, आणि माझ्या तोंडातून ओवा निघाला कारण समोर पेशंट नव्हता, दादा होता. सकाळी त्याला मोटरसायकलवर दोघांच्या मधी बसवून नेलं. वाचला तो, पण आता एक जिना चढला की मधीच थांबतो आणि मला बघून हसतो, त्याचं ते हसणं मला नको वाटतं.

म्हणून माझा सल्ला विचाराल तर पोरांना नसांचे फोटो दाखवायच्या आधी एक वाक्य पाठ करून घ्या: "गॅस असंल तर ईसीजी काढून परत येऊ." बस. हे वाक्य चौदा वर्षांच्या पोरीनं आजोबांना म्हणलं तर तिला कुणी आगाऊ म्हणणार नाही, कारण ती त्यांचं खोटं पाडत नाही, गॅसच असंल म्हणायलीय, फक्त ईसीजी काढून या म्हणायलीय. छातीच्या मधोमध दाबल्यासारखं, दगड ठेवल्यासारखं वाटणं, ते दुखणं डाव्या हातात, जबड्यात, पाठीत सरकणं, गार घाम, धाप, मळमळ हे त्यांना माहीत पाहिजे, आणि बायकांना आणि शुगरवाल्यांना कधी कधी छातीत दुखतच नाही, निस्ता दम लागतो नाहीतर एकदम गळाल्यासारखं होतं, हे पण. मग १०८ ला फोन लावायचा. पेशंटला चालवायचं नाही, जिना चढवायचा नाही, मोटरसायकलवर मधी बसवायचं नाही. पोरांना गाव, पाटी, जवळचं ठिकाण फोनवर नीट सांगता यावं म्हणून वर्गात खोटा फोन करून घ्या, दोघं दोघं समोर उभं करून. हसतील, हसू द्या. माझ्या अनुभवात मोठी माणसंच फोनवर "या लवकर, आमच्या घरी" म्हणून ठेवून देतात, कोणाच्या घरी, कोणत्या गावात, काही नाही.

प्रोजेक्टरचं म्हणाल तर तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मी पण तेच करत होते. नोकरी लागल्यावर सुरुवातीला मी शाळांमधी फ्लिपचार्ट घेऊन जायची, तंबाखूनं सडलेल्या तोंडाचं चित्र असायचं त्यात, ते दाखवलं की पोरं ईऽऽ करायची आणि मला वाटायचं बसला बाण. एकदा एका पोराला उभं केलं, म्हणलं सांग काय समजलं, तर त्याला बोलताच येईना, तोंड भरलेलं होतं! त्या दिवशी मला कळलं की ही पोरं भीतीला भीत नाहीत. तुम्ही त्यांना पन्नाशीची भीती घालता, त्यांच्या हिशेबात पन्नाशी म्हणजे म्हातारपण, तिथपर्यंत त्यांचं डोकं जातच नाही. त्यांचं डोकं कुठं जातं ते बघा. तुमच्या नववी-दहावीतल्या निम्म्या पोरांच्या डोक्यात भरती आहे का नाही? पहाटे रोडच्या कडंनं पळणारी पोरं कोण असतात? पोलीस भरतीला पोरांना १६०० मीटर आणि पोरींना ८०० मीटर पळायचंय. मग त्यांना तेच सांगा की तंबाखूतलं निकोटिन नसा आवळतं आणि ठोके वाढवतं, सिगारेटचा धूर रक्तातला ऑक्सिजन खातो, म्हणजे शेवटच्या चारशे मीटरला जो दम लागतो ना तो तिथं जातो. हृदयाचं नाव पण घेऊ नका पाहिजे तर.

नाडी मोजायला शिकवा. मनगटावर दोन बोटं, १५ सेकंद, गुणिले ४. आधी बसून मोजा, मग ग्राउंडला दोन चक्कर मारून मोजा, मग दर मिनिटाला मोजून नाडी खाली यायला किती वेळ लागतो ते लिहून काढा. दीड-दोन महिने रोज पळल्यावर परत मोजा, बसल्या जागची नाडी कमी आलेली दिसंल, बऱ्याच जणांची तरी. स्वतःच्या अंगावर दिसलेलं पोरांना पटतं, तुमच्या-माझ्या सांगण्यावर त्यांचा काय भरोसा. आणि मग गणित घाला, मुख्याध्यापकांना पण बरं वाटंल: मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाचे किती? एक लाखाच्या वर. मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं, तर दिवसाला ७२०० लिटर, म्हणजे आपल्या गल्लीत येतो तो पाच हजाराचा टँकर आणि वर अजून बॅरलं. लातूरच्या पोरांना तर २०१६ ची पाण्याची रेल्वे सांगा, ही पोरं तवा लहान होती पण घरात ऐकलंच असंल, मिरजेहून पहिली गाडी आली तिच्यात १० डब्यांत ५ लाख लिटर पाणी होतं. मुठीएवढं हृदय तेवढं पंपिंग ७० दिवसांत करतं. विना लोडशेडिंग.

नसा कशा भरतात ते सांगायला पण फोटो लागत नाही, आपल्याकडं बोअरचं पाणी आहे की. घरातला जुना पाईप किंवा गिझरची कॉईल फोडून आणा, आत पांढरा थर दिसंल, तो एका दिवसात बसला का? पाईप टाकला त्या दिवसापासून बसायला लागला. अमेरिकन डॉक्टरांनी कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० सैनिकांची हृदयं तपासली होती, १९५३ साली ते छापून आलं, सरासरी वय २२, तब्येतीनं ठणठणीत पोरं, आणि शंभरातल्या ७७ जणांच्या हृदयाच्या नसांत रोगाची सुरुवात दिसली. पुढं अमेरिकेतच लुईझियानात बोगालुसा म्हणून गाव आहे, तिथं १९७३ पासून शाळेतल्या लेकरांना वर्षानुवर्षं तपासत राहिले, तर लहानपणापासूनच हे सुरू होतं असं निघालं. फक्त पाईपाचं उदाहरण तिथंच सोडू नका, कारण पोरं विचारतील की मग माणूस काल तर औत हाकत होता, आज कसा गेला? तर नसेत चरबीचा थर भिंतीच्या आत असतो, वर पातळ पापुद्रा असतो, तो एखाद्या दिवशी फुटतो आणि तिथं काही मिनिटांत रक्ताची गाठ होते, नस बंद. त्याच्या आदल्या दिवशी बऱ्याच माणसांना काही होत नसतं. बीपीचं पण तसंच, आतून वाढलेलं असतं आणि माणूस म्हणतो मला काय धाड भरलीय.

आता माझा आवडता उद्योग. प्रत्येक लेकरानं घरी जाऊन मिठाचा नवीन पुडा फोडला की त्याच्यावर पेनानं तारीख लिहायची. संपला की परत तारीख. मधले दिवस मोजायचे, घरात जेवणारी माणसं मोजायची, आणि भागाकार. जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक छोटा चमचा सपाट, सगळं धरून. पाच माणसांच्या घरात २५ ग्रॅम, तर एक किलोचा पुडा ४० दिवस पुरला पाहिजे. कुणाचा पुरत नाही. (जनावराला घातलेलं, लोणच्याला गेलेलं मीठ वेगळं लिहून ठेवायला सांगा नाहीतर सगळा हिशेब बोंबलतो.) आणि दुकानातलं फरसाण, पापड, मसाल्याच्या नूडल्स यातलं मीठ तर या पुड्यात धरलेलंच नाही. हे का करायचं, तर यात लेकरू आईला शिकवत नाही, आई वाईट स्वयंपाक करते असं म्हणत नाही, निस्तं मोजतं. मोजताना आई स्वतःच म्हणते अगंबाई, एवढं लागतं होय आपल्याला. आणि मग हळूहळू घरात बोलणं निघतं, ताटात वरून मीठ घेणारे आजोबा, रोजच्या ठेच्यातलं मीठ, भातावरचं, ताकातलं.

तेलाचं पण असंच करता येतं, माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास असं आहारवाले सांगतात, पण एका वेळेला एकच करा, सगळं एकदम सुरू केलं की काहीच होत नाही. आणि कृपा करून आपल्या जेवणाला नावं ठेवू नका. ज्वारीची भाकरी, आंबाडी, मटकी, तुरीचं वरण, मूठभर शेंगदाणे, यात हृदयाचं वाकडं करणारं काय आहे सांगा. करडई तर आपल्याच रानातली, परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिचे वाण काढलेत, पूर्वी घरोघरी करडईचंच तेल असायचं. लेकरं बिघडली ती भाकरीनं नाही, सकाळी उपाशी शाळेत यायचं आणि मधल्या सुट्टीत पाच रुपयाचा पुडा खायचा, त्यानं.

त्या पुड्याचं आणि थंड्याचं: रिकाम्या बाटल्या आणि पाकिटं वर्गात आणा, मागं बारीक अक्षरात लिहिलेलं पोरांकडूनच वाचून घ्या. थंड्यात १०० मिलिलिटरला १०-११ ग्रॅम साखर लिहिलेली असते, म्हणजे पावशेरच्या बाटलीत २६ ग्रॅमच्या आसपास, पाच-सहा चमचे. तेवढी साखर एका ग्लासात टाका आणि पाणी ओतून एखाद्याला म्हणा पी. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर तर छापलेलंच असतं की लहान मुलांनी पिऊ नये, तरी लातूरला ट्यूशनला राहणारी लेकरं रात्री जागायला तेच पितात. तुमच्या शाळेतली पोरं पण दोन वर्षांनी तिकडंच जाणार आहेत, मेसचं जेवण, बारा-चौदा तास बसून, झोप नाही, तवा आत्ताच वाचायची सवय लागू द्या.

पुडीवर येते. तुम्ही ती दोन पोरं पकडली नाहीत हे बरं केलं. पकडून मारलं असतं तर त्यांनी पुडी फक्त लांब जाऊन खाल्ली असती. त्यांना एकेकटं बोलवा आणि विचारा किती दिवसापासून खातो, सकाळी उठल्या उठल्या लागते का, सोडायला बघितलंस का. पोरं खरं सांगतात, जर त्यांच्या बापाला फोन जाणार नसंल तर. व्यसन सोडायला सरकारचा फुकट नंबर आहे, १८००-११-२३५६, तंबाखूच्या पाकिटावर छापलेलाच असतो, कुणी बघत नाही ती गोष्ट वेगळी. आणि ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथं पाठवा. सोडल्यावर एका वर्षात सिगारेटवाल्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो, हे पोरांपेक्षा त्यांच्या बापांना सांगण्यासारखं आहे.

पण एकेका पोराला समजावून काय होणार, गेटबाहेर टपरी असंल तर? इथं तुमच्या वर्गाला खरं काम द्या. कायदा २००३ चा आहे: १८ च्या आतल्याला तंबाखू विकायची नाही, आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकायचीच नाही. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, मिळतो कुठं आणि कसा ते मी तुम्हाला काय सांगू. आणि लेकरांच्या खाण्याचा २०२० चा नियम आहे की जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेत आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकू नयेत. पोरांना टेप नाहीतर सुतळी द्या, तंबाखूसाठी शाळेच्या कुंपणापासून आणि खाण्यासाठी गेटपासून मोजू द्या, वहीत नकाशा काढू द्या, कुठं कुठं काय मिळतं ते लिहू द्या. टपरीवाल्याशी मात्र पोरांनी एक शब्द बोलायचा नाही हं, हे मी जोर देऊन सांगते. गावात भांडणं लागतात, टपरीवाला कुणाचातरी चुलताच असतो, आणि त्याचं पण पोट आहे. मोजायचं पोरांनी, बोलायचं मोठ्यांनी. नकाशा जोडून ग्रामपंचायतीला आणि शाळा व्यवस्थापन समितीला अर्ज करायचा, मुख्याध्यापकांच्या सहीनं. टपरी हलवायला जागा पण सुचवा अर्जात, निस्तं काढा म्हणलं की कुणी काढत नसतं. शेंगदाणे, फुटाणे, केळी, उकडलेली अंडी विकली तर मास्तर लोक स्वतः घेतील असं सांगा त्याला, घ्या पण मग.

आणि हा अर्जच तुमच्या मुख्याध्यापकांचं उत्तर आहे. दहावीच्या मराठीला उपयोजित लेखनात पत्रलेखन आहे का नाही? मराठीच्या सरांना सोबत घ्या, तोच अर्ज वर्गात लिहून घ्या, चांगला असंल तो पाठवा. रक्ताभिसरण तुमच्याच विषयात येतं, मिठाचा भागाकार आणि शेकडेवारी गणितात. सिलॅबस कुठं बुडाला?

अर्जानं काय होतं असं वाटत असंल तर फिनलंडमधल्या नॉर्थ करेलिया जिल्ह्याचं सांगते, ट्रेनिंगला एका डॉक्टर साहेबांनी सांगितलं होतं आणि मी वहीत लिहून ठेवलं होतं. गरीब, जंगलातला, लाकूडतोड्यांचा आणि दूधदुभत्याचा मुलूख, पुरुष चाळिशी-पन्नाशीत अटॅकनं जायचे, जगात सगळ्यात जास्त जिथं जातात त्यातला एक. १९७१ मधी तिथल्या लोकांनीच सरकारला अर्ज केला की आमच्यासाठी काहीतरी करा. १९७२ ला काम सुरू झालं, पेक्का पुस्का म्हणून डॉक्टर होते प्रमुख, वय तिशीच्या आत. त्यांनी गृहिणींच्या मंडळांना धरलं, भाज्या घालून कालवणं शिकवली, लोण्याच्या जागी तेल आणलं, मीठ कमी करायला बेकरीवाल्यांना आणि खाटकांना पटवलं, शाळेतल्या पोरांना तंबाखूला नाही म्हणायला शिकवलं. पस्तीस-चाळीस वर्षांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयरोगानं होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले. आपल्याला पण सगळे मागास मागास म्हणतात, म्हणून मला तो जिल्हा जवळचा वाटतो.

पोरींचं वेगळं सांगायला लागतं. या वयाच्या लेकरांनी रोज तासभर दम लागंल असं खेळावं म्हणतात, आणि आपल्याकडं आठवीनंतर पोरगी ग्राउंडवरून गायब होते. पीटीच्या तासाला पोरं क्रिकेट घेऊन बसतात आणि पोरी लिंबाखाली. ग्राउंड वाटून द्या, आठवड्याचे तीन दिवस पोरींचे, खो-खो, लेझीम, दोरीच्या उड्या, काहीही, आणि पोरांनी तवा आत यायचं नाही. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातनं सायकल मिळालेल्या पोरी रोज तीन-चार किलोमीटर चालवतात, त्या तुमच्या वर्गातल्या सगळ्यात दमदार असतील, नाडी मोजून बघा. आणि जाड पोरीला किंवा पोराला वर्गात वजनकाट्यावर चढवू नका, बाकीचे चिडवतात आणि ते लेकरू घरी जाऊन जेवण सोडतं, मी पाहिलंय.

एक दिवस बीपीचा ठेवा. गावातल्या आशाताईंना आणि आरोग्यवर्धिनीच्या (आता तिला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात) सीएचओंना, म्हणजे तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना, आधी सांगून ठेवा, तिशीच्या वरच्यांची तपासणी त्यांच्याकडं फुकट होतच असते, फक्त लोक येत नाहीत. प्रत्येक पोरानं घरातला एक तिशीच्या वरचा माणूस आणायचा. पप्पाला आणायला पोरगी लागते, बायकोनं सांगून येत नाहीत. १४०/९० च्या वर निघालं तर घाबरवायचं नाही, परत दोनदा मोजायला बोलवायचं, आणि गोळी सुरू झाली तर "बरं वाटायलंय" म्हणून मधीच बंद केली नाही ना, हे बघायचं काम त्या पोरीचं. छातीवर दाब द्यायला पण त्याच दिवशी शिकवा, १०८ चे डॉक्टर किंवा रुग्णालयातलं कुणी आलं तर उत्तम. माणूस बेशुद्ध पडला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक, ५ ते ६ सेंटिमीटर खाली, मिनिटाला १०० ते १२० वेळा, गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, दमला की दुसऱ्यानं घ्यायचं. सरावाला उशी घ्या, जिवंत माणसावर सराव करायचा नाही. पोरांना हे जाम आवडतं, मागच्या बाकावरची पण पुढं येतील बघा.

आणखी एक राहिलं. एखाद्या लेकराचा घसा वारंवार दुखून ताप येतो, मग काही आठवड्यांनी सांधे सुजतात, आज गुडघा, परवा मनगट, आणि खेळताना दम लागायला लागतो, तर ते वाढीचं दुखणं म्हणून सोडू नका. हा संधिवाताचा ताप असू शकतो, ५ ते १५ या वयात जास्त होतो आणि हृदयाच्या झडपा खराब करतो. वेळेत पेनिसिलिन मिळालं तर टळतं. शाळा तपासणीला सरकारी डॉक्टरांची टीम येते ना, त्यांना असं लेकरू नाव घेऊन दाखवा, नाहीतर ते दीडशे पोरं दोन तासात उरकून जातात.

त्या पोराला यातलं काय द्यायचं ते मला सांगता येत नाही, त्यालाच विचारा. पोरांच्या हातात काम दिलं की काही लेकरं आपणहून पुढं येतात, काही नाही. कदाचित तो खोटा फोन करायच्या खेळात पहिला उभा राहील, कदाचित वर्षभर काहीच करणार नाही, आणि तेही चालंल.

माझ्या घरचा पुडा सांगायचा राहिला. आम्ही चार माणसं, ५० दिवस पुरायला पाहिजे. गेल्या खेपेला २७ दिवसांत संपला. आमच्या यांना म्हणलं तर म्हणाले उंदरानं खाल्लं असंल. परवा नवीन फोडलाय, तारीख घातलीय.